सेलूच्या जम्बोतले वीस किलो

डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. परभणीच्या कृषी विद्यापीठातला किमान तापमानाचा आकडा रोज पेपरात पहिल्या पानावर येत होता आणि सेलूत लोक सकाळी नऊपर्यंत शेकोटी सोडत नव्हते. अशा एका सकाळी गावातल्या एका खासगी दवाखान्यातून फोन आला. डॉक्टर माझे जुने विद्यार्थी. म्हणाले, "सर, तुमच्या केमिस्ट्रीचं काम पडलंय. भांडण मिटवायला या."

भांडण ऑक्सिजनचे होते. जालन्याच्या बाजूच्या एका प्लांटमधून आठवड्याला दोनदा गाडी येई आणि दर खेपेला आठ जम्बो उतरवी. जम्बो म्हणजे काळ्या अंगाचा, पांढऱ्या खांद्याचा मोठा सिलिंडर. सोबतच्या चिठ्ठीवर प्रत्येकापुढे १५० लिहिलेले. सिस्टर सकाळी रेग्युलेटर लावून काटा बघत तेव्हा मात्र १३०, १३१, कधी १२९. तीन आठवडे रोज हेच. दवाखान्याच्या मॅनेजरांनी हिशेब मांडला: एका जम्बोमागे वीस किलो, आठ जम्बोंचे एकशेसाठ किलो. गॅस वाटेत काढून विकला जातो, असे त्यांचे ठाम मत झाले होते. बिल थांबवले, आणि संशय आला गाडीवाल्या मामांवर.

मी गेलो तेव्हा मामा पायरीवर बसले होते. एवढेच म्हणाले, "बावीस वर्षं झाली गाडी चालवायलोय सर. मी काय चोरायलो का?"

त्या वाक्यामुळे मी हे प्रकरण मनावर घेतले. वायूचे नियम वर्गात शिकवताना चूक झाली तर एखादा मार्क जातो. इथे एका माणसाची अब्रू जात होती.

किलो कशाचा?

पहिला घोटाळा शब्दाचा होता. काट्यावरचे १५० म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो एवढा दाब. या धंद्यात सगळे नुसते "दीडशे किलो" म्हणतात. मॅनेजरांनी तो किलो वजनाचा धरला. मी विचारले, "भरलेल्या जम्बोत एकूण किती वजनाचा ऑक्सिजन असतो?" ते म्हणाले, "दीडशे किलो." मग मी त्यांना सांगितले की पूर्ण भरलेल्या जम्बोतला ऑक्सिजन साडेनऊ किलोच्या आसपास असतो, बाकी सगळे वजन पोलादाचे. साडेनऊ किलोच्या सिलिंडरमधून वीस किलो चोरता येत नाही.

साडेनऊ कुठून आले, तेही सांगायला हवे. जम्बोची पोकळी ४६.७ लिटरची असते, म्हणजे त्यात तेवढे पाणी मावेल. १५० पट दाबलेला वायू मोकळा सोडला तर बॉईलच्या नियमाने तो साधारण १५० पट फुगतो: ४६.७ गुणिले १५० म्हणजे ७,००५ लिटर, सात घनमीटर. बिलावरचे "सात क्युबिक" इथूनच आलेले आहे. रॉबर्ट बॉईलने १६६२ साली पाऱ्याच्या वाकड्या नळीत पाहिलेली गोष्ट, दाब दुप्पट केला की आकारमान निम्मे, सेलूच्या बिलबुकात आजही रुपयांत उतरते. ऑक्सिजनचा एक घनमीटर १५ अंश सेल्सिअसला आणि वातावरणाच्या दाबाला साधारण १.३५४ किलो भरतो. सात घनमीटर म्हणजे ९.४८ किलो.

पण बॉईलचा नियम तापमान तेच राहिले तर खरा. भांडण नेमके तिथे होते.

तापमानाकडे वळण्याआधी साध्या शंका काढल्या. गळती आहे का? झडपेवर साबणाचा फेस लावला, एकही बुडबुडा नाही. (ऑक्सिजनच्या झडपेला तेल, ग्रीस, व्हॅसलिन यातले काहीही लागू द्यायचे नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की आग लागू शकते. मामांचे हात आधी धुवायला लावले.) काटा खोटा आहे का? दुसरे दोन रेग्युलेटर लावून पाहिले, फरक एका-दोन किलोचा. म्हणजे काटा खरा आणि झडप घट्ट.

मॅनेजरांचा एक प्रश्न मात्र चांगला होता. ऑपरेशन थिएटरमधल्या नायट्रसचा, म्हणजे भूल देताना वापरायच्या वायूचा, काटा वापरून वापरून हलत नाही, मग ऑक्सिजनचाच का हलतो? नायट्रस ऑक्साइड सिलिंडरमध्ये बहुतांश द्रव असतो, घरच्या स्वयंपाकाच्या गॅससारखा. वरचा वायू वापरला की खालचा द्रव उकळून ती जागा भरून काढतो, म्हणून शेवटचा थेंब उडेपर्यंत दाब जवळजवळ तोच राहतो. असा सिलिंडर वजनावरच ओळखावा लागतो. ऑक्सिजन उणे ११८ अंशांच्या वर कितीही दाबला तरी द्रव होत नाही. तो जम्बोत वायू म्हणूनच असतो, आणि म्हणून वायूचे सगळे नियम त्याला लागतात.

जालन्याची खेप

पुढच्या खेपेला मी मामांच्या शेजारी बसून प्लांटवर गेलो. तिथे जे पाहिले त्याने अर्धे कोडे सुटले. सिलिंडर भरताना आत आधी असलेला वायू नव्या वायूच्या रेट्याने दबतो आणि तापतो. सायकलला हवा भरताना पंपाचे बूड गरम होते, तसेच. रॅकवरचा काटा १५० ला आला की माणूस झडप बंद करी आणि चिठ्ठीवर १५० लिहून मोकळा होई. सिलिंडरच्या अंगाला हात लावला तर चांगला गरम. एका जम्बोला खडूने खूण केली, लोकरीच्या तुकड्याखाली थर्मामीटर चिकटवला आणि आतला वायू आणि पत्रा एकसारखा व्हावा म्हणून थोडा वेळ थांबलो. ४३ अंश. काटा १५०.

वाटेत मामांना मी हे समजावू लागलो, तर त्यांनीच मला थांबवले. "सर, टायर तापल्यावर हवा बघत नसतेत. गरम टायरला शंभराचे एकशेपंधरा दिसतेत. तवा हवा काढली की सकाळी टायर बसलेला." गे-ल्युसॅकचे नाव ज्या नियमाला चिकटले आहे तो मामांना वर्गात न बसता ठाऊक होता: आकारमान बांधलेले असेल तर दाब तापमानाबरोबर चढतो-उतरतो. टायर जवळजवळ बांधलेले आकारमान आहे आणि सिलिंडर तर पोलादाचा. मी वीस वर्षे हा नियम शिकवत आलो, पण इतक्या कमी शब्दांत मला तो सांगता आला नव्हता.

संध्याकाळी साडेसातला सेलूत पोहोचलो. खुणेच्या जम्बोचे अंग २५ अंशांवर आले होते, काटा १३९. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला अंग ११ अंश, काटा १३०.

आता आकडेमोड. डॉक्टरांचा भाचा बारावीला आहे, तो उत्साहाने पुढे आला. मोबाइलवर १५० गुणिले ११ भागिले ४३ केले आणि म्हणाला, "अडतीस यायला पाहिजे!" ही चूक मी दर वर्षी शंभर वह्यांत पाहतो. सेल्सिअसचा शून्य म्हणजे पाणी गोठण्याची खूण, वायूला तिचे काही पडलेले नाही. गियोम आमोंताँ या फ्रेंच माणसाच्या १७०० च्या सुमारास लक्षात आले होते की कोंडलेल्या हवेचा दाब थंडीत एका ठरावीक चालीने उतरतो. ती चाल तशीच राहिली तर कुठेतरी दाब शून्यावर येईल, आणि त्याहून थंड असे काही उरणार नाही. तो शून्य उणे २७३ अंशांवर आहे आणि वायूचे तापमान तिथून मोजायचे. म्हणून ४३ अंश म्हणजे ३१६ केल्विन, ११ अंश म्हणजे २८४ केल्विन. दुसरी खबरदारी दाबाची. काटा बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त ते दाखवतो, म्हणून त्यात वातावरणाचा एक मिळवायचा: १५१.

१५१ गुणिले २८४ भागिले ३१६ म्हणजे १३५.७. एक वजा केला की काट्यावर सुमारे १३५.

दिसले होते १३०.

मॅनेजरांनी लगेच वही मिटली. "म्हणजे पंधरा थंडीनं गेले आणि पाच मामानं." मामा काही बोलले नाहीत. माझ्याकडे पाहत होते.

मोंढ्यातला काटा

त्या पाचाने मला झोप येऊ दिली नाही. नियम खोटा नाही आणि मामाही खोटे वाटत नाहीत, मग आकडा का चुकतो? वादातून सुटायचा एकच सरळ रस्ता होता. दाब तापमानाने हलतो, वजन हलत नाही. सिलिंडर तोलायचा.

मोंढ्यातल्या एका आडत दुकानात वीस ग्रॅमपर्यंत दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. तुरीचे नमुने, छोटी पोती त्यावर जातात. पुढची खेप आली त्या रात्री सगळे तिथे जमलो. प्लांटवर मी पुन्हा ४३ अंश आणि १५० पाहून खूण केलेली होती. टोपी घट्ट बसवून दोन हमालांनी जम्बो उचलून काट्यावर उभा केला: ६४.४६ किलो. तो दुकानाच्या ओट्यावर साखळीने खांबाला बांधला, साखळीला कुलूप, किल्ली डॉक्टरांच्या खिशात. मामा घोंगडी घेऊन शेजारीच झोपले. त्यांना तसे कोणी सांगितले नव्हते.

पहाटे अंग ११ अंश, काट्यावर दाब १३०. पुन्हा तोलला: ६४.४६ किलो.

एक ग्रॅमही हललेला दिसला नाही आणि दाब वीसने उतरला होता. मॅनेजर काट्याच्या लाल आकड्यांकडे बराच वेळ पाहत राहिले. मग मामांजवळ जाऊन म्हणाले, "चुकलं मामा माझं." ही गोष्ट सर्वांसमोर करायला मन मोठे लागते, म्हणून तिची इथे नोंद करतो.

तो जम्बो दवाखान्यात लावला. एरवी थोडा दाब शिल्लक ठेवून सिलिंडर काढतात. या वेळी मोजायचे म्हणून शेवटचा भाग उघड्या अंगणात, विडी-काडी लांब ठेवून, हळूहळू सोडून दिला. रिकामा भरला ५५.८० किलो. म्हणजे ऑक्सिजन ८.६६ किलो.

या आकड्याने उरलेल्या पाचाचेही कोडे सुटले. बॉईल आणि गे-ल्युसॅक यांचे नियम एकत्र करून आपण पीव्ही बरोबर एनआरटी लिहितो, म्हणजे दाब गुणिले आकारमान हे वायूचे प्रमाण आणि केल्विनमधले तापमान यांच्या पटीत. या आदर्श वायूच्या सूत्रात असे धरलेले असते की रेणू जागा व्यापत नाहीत आणि एकमेकांना ओढत नाहीत. हवेच्या दाबाला हे धरणे चालते. दीडशेला चालत नाही. योहानेस व्हॅन डर वाल्सने १८७३ च्या आपल्या प्रबंधात हीच दुरुस्ती केली. ऑक्सिजनचा एक मोल (रेणू मोजायचे माप, ऑक्सिजनचे ३२ ग्रॅम) सुमारे ०.०३१८ लिटर जागा अडवतो; तेवढ्यात दुसरा रेणू शिरू शकत नाही. ८.६६ किलो म्हणजे २७१ मोल, त्यांची अडवलेली जागा ८.६ लिटर. म्हणजे ४६.७ लिटरच्या जम्बोत रेणूंना हिंडायला खरी मोकळीक ३८ लिटरचीच. जागा अशी अरुंद झाली की तापमानाच्या प्रत्येक अंशाला दाब जास्त जोराने हलतो. रेणूंच्या एकमेकांवरच्या ओढीचाही परिणाम असतो, पण आकारमान तेच राहिल्यामुळे तो गरम आणि थंड दोन्ही वेळेला जवळजवळ सारखाच वजा होतो आणि फरकातून निघून जातो. ३२ अंशांच्या उतारासाठी हिशेब केला तर दाब एकोणीसच्या वर उतरायला हवा. वीस उतरला होता. याहून जवळचे उत्तर खडू-थर्मामीटरच्या प्रयोगात मागू नये.

माझ्या तीन नोंदी, ४३ ला १५०, २५ ला १३९, ११ ला १३०, आलेखावर मांडल्या तर सरळ रेषेत बसतात. पण ती रेषा खाली वाढवली की दाब उणे २७३ ला नाही, उणे दोनशेच्या आसपासच शून्य होताना दिसतो. विद्यार्थ्यांना आता मी पुस्तकातल्या रेषेशेजारी ही रेषा काढून दाखवतो. आदर्श वायू आणि खरा वायू यांतले अंतर तिथे डोळ्यांना दिसते.

सिस्टरांचा मुद्दा

इथे सगळे खूश होऊन चहा मागवणार, तोच सिस्टर म्हणाल्या, "ते ठीक आहे सर, पण माझा सिलिंडर लवकर संपतो त्याचं काय?"

पेशंटला मिनिटाला पाच लिटर चालू असेल तर सात हजार लिटर १,४०० मिनिटे पुरायला हवेत, म्हणजे तेवीस तास वीस मिनिटे. त्यांच्या अनुभवाने जम्बो एकवीस तासांच्या आसपास आटोपत होता. रात्री दोनला बदलायचा म्हणून ठरवलेला सिलिंडर बाराला ओरडू लागे.

त्यांचे बरोबर होते. उत्तर आमच्यासमोर काट्यावरच होते, मी चोरीच्या नादात ते नीट वाचले नव्हते. ८.६६ किलो भागिले १.३५४ म्हणजे ६.४ घनमीटर. बिल सातचे. दर जम्बोमागे सहाशे लिटर कमी, मिनिटाला पाचच्या हिशेबाने बरोबर दोन तास.

कोणी काढून नेले नव्हते, भरतानाच कमी भरले जात होते. ऑक्सिजनसारख्या कायम वायुरूप राहणाऱ्या वायूचा सिलिंडरमधला कार्यदाब आपल्या देशातल्या गॅस सिलिंडर नियमांत १५ अंश सेल्सिअसला धरलेला आहे. प्लांटवरचा माणूस तो ४३ अंशांच्या गरम सिलिंडरवर वाचत होता. त्याचा जम्बो १५ अंशांवर आणला तर काट्यावर १३२-१३३ दिसले असते. त्या माणसाने फसवले असे मी म्हणणार नाही. त्याला "दीडशेला बंद कर" एवढेच सांगितलेले होते. ज्याने हे सांगताना तापमान सोडून दिले, त्याचा दोष मी मोठा मानतो. अंगाच्या तापमानाप्रमाणे किती दाबाला थांबायचे याचा तक्ता भरणाऱ्यांकडे असायलाच हवा आणि तो भिंतीवर लावलेला असायला हवा.

डॉक्टर, मी आणि प्लांटचे मालक असे बसलो. मालकांनी आधी चिठ्ठी पुढे केली, मग आम्ही मोंढ्यातल्या तिन्ही वजनांचा कागद पुढे केला. ते धंद्यातले माणूस, वजन लगेच समजले. ठरले असे: घाई नसेल तर सिलिंडर निवू द्यायचे आणि पुन्हा वरून भरायचे, घाई असेल तर तक्त्याप्रमाणे, सिलिंडरवर कोरलेल्या मर्यादा पाळून. थांबवलेले बिल दिले गेले, कमी भरलेल्याची भरपाई पुढच्या खेपांत वळती झाली. चिठ्ठीवर १५० च्या शेजारी दोन नवे रकाने आले: अंगाचे तापमान आणि वजन.

पुढच्या खेपेचा एक जम्बो मोंढ्यात तोलला. रिकाम्यापेक्षा ९.४६ किलो जास्त, म्हणजे बिलावरचे सात घनमीटर. पहाटे दाबाचा काटा १४० दाखवत होता आणि मॅनेजरांचा चेहरा क्षणभर पडला. मग त्यांनी स्वतःच थर्मामीटर पाहिला, ११ अंश, आणि वहीत लिहिले: "१४०, ११ अंश, पूर्ण." सिस्टरांनी रेग्युलेटरजवळ एक कागद चिकटवला आहे. त्यावर नुसत्या दाबापुढे तास लिहिलेले नाहीत; दाब आणि तापमान दोन्ही पाहून तास काढायचे आहेत.

जानेवारीत मामा कॉलेजवर आले. त्यांना टायरचा हिशेब हवा होता. दुपारी तीस अंशांना थंड टायरमध्ये शंभर भरले तर पहाटे दहा अंशांना किती? टायरचा दाब दर चौरस इंचाला पौंडांत मोजतात, म्हणून वातावरणाचे साडेचौदा-पंधरा मिळवले, २८३ ने गुणले, ३०३ ने भागले, पुन्हा वजा केले: ब्याण्णव.

"मग ब्याण्णव दिसलं तर भरायची का नाही? हवा तर तेवढीच हाय की आत, तुमच्या जम्बोसारखी."

मी जरा थांबलो, कारण प्रश्न नेमका होता. मग म्हटले, "भरा. जम्बोत आपल्याला वायू किती आहे त्याच्याशी काम, तो पेशंटला जायचाय. टायरमध्ये गाडीचं वजन दाबावर उभं असतं. दाब उतरला की टायरची कड दबते आणि चालताना तापते."

त्यांनी आकडा तंबाखूच्या पुडीच्या कागदावर लिहून घेतला. त्याच्या शेजारी, मी न सांगता, "१० अंश" असेही लिहिले.